अजानवृक्षाची मुळी

आळंदीला ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीजवळ अजानवृक्ष आहे. त्याच्या सावलीत भाविक ज्ञानेश्वरीचं पारायण करत बसलेले दिसतात. माउलींची समाधी १२९६ सालची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी, अशी कथा आहे, ते संत एकनाथांच्या स्वप्नात आले नि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागलीय, ती येऊन काढ. नाथ आळंदीला गेले. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हा मात्र इतिहास. माउलींच्या कंठाला, म्हणजे त्यांच्या वाणीला, पडलेला तो वेढा मला ओव्यांत शिरलेल्या अपपाठांचाच वाटतो. झाडाला कशाला दोष द्यायचा? आळंदीला गेलात, तर पानं तोडू नका. पाराजवळ बसून दोन ओव्या वाचा.