पेत्राच्या कमरेची तलवार



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एका वस्तीत आम्ही जपमाळेच्या प्रार्थनेला गेलो होतो. प्रार्थना आटोपली, चहा आला आणि बोलणे वस्तीतल्या चोऱ्यांवर गेले. पंधरा दिवसांत दोन घरे फोडली गेली होती. एक काका म्हणाले, "फादर, बंदुकीच्या परवान्याले काय लागते जी?" कोपऱ्यात बसलेला एक मुलगा लगेच म्हणाला, "परवाना कायले पाहिजे? तलवार ठेवा घरात. अमेरिकेत तर घटनेनंच हक्क देल्ला हाय. आपल्या घटनेत कावून नाही?" एका आजींनी वेगळीच काळजी सांगितली. इतर राज्यांत नाताळच्या दिवसांत प्रार्थनास्थळांवर चालून जाण्याच्या बातम्या त्या टीव्हीवर पाहतात. मध्यरात्रीच्या मिस्सेला आपली पोरे गेटवर रिकाम्या हाताने उभी असतात, हे त्यांना बघवत नाही.

आम्ही हसलो आणि विषय बदलला. ते बरे केले नाही. आजी गमतीने बोलत नव्हत्या, आणि मुलाचा प्रश्न खरा होता. म्हणून आज त्या प्रश्नाकडे नीट पाहू या.

पहिल्यांदा अमेरिकेबद्दल. तेथील घटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ साली झाली. शस्त्रे बाळगण्याचा लोकांचा हक्क तिच्यात आहे, पण त्याच वाक्याच्या सुरुवातीला सुव्यवस्थित नागरी पलटणीचा उल्लेख आहे. मग हक्क पलटणीचा की एकेका माणसाचा, हा वाद दोनशे वर्षे चालला. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो एकेका माणसाचा ठरवला. वाद मात्र मिटलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मिनियापोलिस शहरातील अनन्सिएशन चर्चमध्ये शाळेच्या मुलांची मिस्सा चालू असताना खिडक्यांतून गोळ्या आल्या. दोन मुले गेली, एक आठ वर्षांचे, एक दहा वर्षांचे. आपल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात जी मुले बसतात, त्यांच्याच वयाची.

आता नागपूरकडे. हा प्रश्न आपल्या शहराला नवा नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रज सरकारने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली आणि युरोपियनांना मात्र सूट दिली. अपमान त्या भेदात होता. १९२३ साली याच नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. पुढे चार वर्षांनी, १९२७ साली, मंचेरशा आवारी या नागपूरच्या पारशी गृहस्थांनी शस्त्र कायद्याविरुद्ध सत्याग्रह उभारला. ते आणि त्यांचे सोबती उघड उघड तलवारी घेऊन रस्त्यावर आले. बंगालमध्ये खटल्याशिवाय डांबून ठेवलेल्या कैद्यांची सुटका ही त्यांची मागणी होती. लोक त्यांना 'जनरल आवारी' म्हणू लागले. त्यांना तुरुंगवास झाला आणि तुरुंगात त्यांनी दीर्घ उपोषण केले. ज्याच्या तलवारीवरून सरकार घाबरले, त्याने शेवटी लढा दिला तो अन्न सोडून! आम्हांला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

गांधीजींनी त्या सत्याग्रहाला पाठिंबा दिला नाही. अहिंसेची शपथ आणि हातात तलवार हे त्यांना जुळेना. पण म्हणून शस्त्र कायदा त्यांना मान्य होता, असे समजू नका. अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणे हे त्यांनी इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत मोजले होते. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत, त्यावर लोकांचे नियंत्रण असावे, ही एक मागणी होती. दुसऱ्याने जबरदस्तीने हात बांधणे वेगळे आणि आपण होऊन हात आवरणे वेगळे. १९३१ च्या कराची काँग्रेसने तर मूलभूत हक्कांच्या ठरावातच, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला.

मग तो आपल्या घटनेत का आला नाही? मुलाचा हाच प्रश्न होता. उत्तर असे की तो मागितला गेला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. कामत आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले, म्हणजे ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती तिथले. सार्वजनिक शांततेसाठी निर्बंध घालण्याची सोय त्यांच्या दुरुस्तीतही होती. उत्तर दिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर भर न देता त्याच्या कर्तव्यावर द्यावा. देश संकटात असेल तेव्हा राज्याने हाक द्यावी आणि नागरिकाने शस्त्र हाती घ्यावे. दुरुस्ती नामंजूर झाली. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या. पिस्तुलाच्या गोळ्यांनी गांधीजी गेले त्याला वर्षही झाले नव्हते. त्या समितीत येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसूझा सभासद होते आणि तिचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे.

घटनेच्या एकोणिसाव्या कलमात आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क आहे. आपली मिरवणूक, आपली सभा त्यावरच चालते. पण त्या कलमात दोन अटी आहेत: शांततेने आणि विनाशस्त्र. शीख बांधवांच्या कृपाणाला पंचविसाव्या कलमात मान्यता आहे, ती धर्मपालनाचा भाग म्हणून. बाकी सर्वांसाठी १९५९ चा शस्त्र कायदा आणि परवाना. म्हणजे आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, परवानगी आहे. वाढदिवसाला तलवारीने केक कापून फोटो मोबाईलवर टाकणाऱ्या मुलांवर महाराष्ट्रात गुन्हे दाखल होतात. आमच्या माहितीतल्या दोन-तीन घरांतही असे फोटो आहेत. नावे सांगणार नाही, ज्याचे त्याला कळेल.

"मग चोर आला तर मार खायचा काय?" असे काका विचारतील. नाही. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाचे रक्षण करण्याचा हक्क पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. मर्यादा एवढीच की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर कायदा हातात घ्यायचा नाही. ख्रिस्तसभेची शिकवण यापेक्षा निराळी नाही. जीव वाचवण्यासाठी हल्लेखोराला आवरणे पाप नाही, आणि ज्याच्यावर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याचे तर ते कर्तव्य ठरते. आपल्यात पोलीस आहेत, बँकेचे सुरक्षारक्षक आहेत, फौजेतून निवृत्त झालेले आहेत, अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत हयात घालवलेलेही आहेत. त्यांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला लावली नाही. कोणाला लुबाडू नका आणि पगारात समाधान माना, एवढेच सांगितले.

पण घरात, उशाखाली, कोणी सोपवलेली जबाबदारी नसताना ठेवलेली तलवार? तिच्याबद्दल शुभवर्तमानात एक गोष्ट आहे आणि ती आपण अर्धीच ऐकतो.

शेवटच्या भोजनानंतर शिष्यांनी प्रभूला दोन तलवारी दाखवल्या. संत लूक हे सांगतो. प्रभूनेच तलवारीचा विषय काढला होता, हे खरे आहे, आणि शस्त्राची बाजू घेणारे त्यावर बोट ठेवतात. पण दोन तलवारी पाहून प्रभू पुरे म्हणतो. अकरा माणसे, समोर शिपायांची तुकडी, आणि दोन तलवारी पुरे? हा लढाईचा हिशेब नव्हे. आपली गणना अपराध्यांत होणार, हे तो त्याच क्षणी सांगत होता. पुढे गेथशेमाने बागेत तलवार चालली तेव्हा त्याने ती थांबवली आणि कापलेला कान बरा केला.

ती तलवार पेत्राची होती, हे संत योहान सांगतो. कान मल्ख नावाच्या, प्रमुख याजकाच्या चाकराचा. दर गुड फ्रायडेला आपण हा वृत्तान्त उभे राहून ऐकतो, पण पाय दुखू लागलेले असतात आणि पुढचे एक वाक्य निसटून जाते. त्या रात्री अंगणात शेकोटीजवळ पेत्राला तिसऱ्यांदा हटकणारा माणूस कोण होता? मल्खाचा नातेवाईक. बागेत मी तुला पाहिले ना, असे त्याने विचारले. पेत्र नाही म्हणाला आणि कोंबडा आरवला.

पेत्र प्रभूच्या मागे त्या अंगणापर्यंत गेला, हे त्याचे धाडसच होते. बाकीचे बहुतेक पळाले होते. त्याने बागेत तलवार उपसली नसती, तर तिथे तो फक्त येशूचा सोबती म्हणून उभा असता. आता मात्र तो एका माणसावर वार केलेला माणूस होता आणि जखमीचा भाऊबंद समोर उभा होता. ज्या तलवारीने भीती जायची होती, तिनेच त्याला जास्त भित्रे केले. प्रभूला ओळखत नाही असे तो म्हणाला, त्यात आपल्या तलवारीला लपवणेही होते, असे आम्हांला वाटते. जाणकारांनी आम्हांला खुशाल दुरुस्त करावे.

आता आजींच्या काळजीकडे येतो, कारण तिला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. गेटवर उभ्या राहणाऱ्या पोरांची आम्हांलाही काळजी वाटते. पण त्यांच्या हातात काठी दिली, तर मिस्सेला येणाऱ्या प्रत्येकाकडे ती पोरे काठी धरलेल्याच्या नजरेने पाहतील. शेजारचे हिंदू, बौद्ध, मुसलमान कुटुंब दरवर्षी लेकरांना गव्हाणी दाखवायला आणते. ते गेटवरूनच परत जाईल.

म्हणून येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलमध्ये बैठक ठेवली आहे. वस्तीतल्या रात्रीच्या गस्तीच्या पाळ्या आणि नाताळच्या रात्रीचा बंदोबस्त, दोन्ही तिथे ठरवू. पोलीस ठाण्याला अर्ज दिलेला आहे. बंद पडलेले गेटवरचे दिवे त्याआधी दुरुस्त होतील. गस्तीला येणाऱ्यांनी टॉर्च आणि शिट्टी आणावी, जोडीने फिरावे, आणि शेजारच्या घरांतील इतर धर्मीय बंधूंनाही पाळीत घ्यावे. दोघांनी आधीच होकार दिला आहे. काठ्या, रॉड वगैरे घरी ठेवावे. ज्याच्या घरी तलवार असेल त्याने बैठकीआधी आम्हांला एकट्याने भेटावे, पुढे काय करायचे ते वकिलांना विचारून सांगू. आणि तो प्रश्न विचारणारा मुलगा जर हे वाचत असेल, तर पहिल्या पाळीत त्याचे नाव आम्ही त्याला न विचारताच लिहिले आहे. सोबतीला काका आहेत.