रतामाच्या झाडाखालची भाकर

एलीयाच्या चरित्रातील एक प्रसंग आज ध्यानी घ्या (१ राजे, अध्याय १९). कर्मेलावर निर्भयपणे उभा राहिलेला हा संदेष्टा लवकरच रानात रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्यास दोष दिला काय? नाही. दूताने त्यास जागे करून निखाऱ्यावरील भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, पुन्हा जेवू घातले. होरेबाची वाट त्यानंतर.

आपल्या भांडगावातही एखादे लेकरू वकिलीच्या प्रवेशपरीक्षेसाठी रात्री जागून, "माझ्याने होणार नाही," असे म्हणत असेल. क्लॅट परीक्षेत दोन तासांत १२० प्रश्न, तेही बहुतेक उतारे वाचून सोडवावयाचे. थकलेला डोळा एकच ओळ तीनदा वाचतो. ही उणीव बुद्धीची नव्हे, निद्रेची होय.

नाशकात १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र १९२२ साली मिळाली. त्या मधल्या काळात त्या पडदानशीन स्त्रियांच्या हक्कांसाठी झटल्या. विलंब म्हणजे अंत नव्हे.

आईबापांनो, आज रात्री गुण विचारू नका. ताट वाढा, दिवा मालवा, लेकराला निजू द्या. मन बहुत दिवस उभारी धरीना, मरणाचे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांकडे नेण्यास लाजू नका. मुलांनो, सकाळी उठून एकच उतारा सोडवा. भाकर आधी, वाट मागून. हाच देवाचा क्रम आहे.