चुकणारी बोटे

साठी उलटल्यावर मी पेटी शिकू लागलो. ही गोष्ट होता होईल तो मी कोणाला सांगत नाही. पण वाढवणसारख्या गावात पेटी ही काही गुपचूप वाजवायची वस्तू नव्हे. संध्याकाळी भाता हलला की शेजारच्या खिडक्या लागतात, आणि सकाळी वाटेत कोणी तरी विचारतेच, "काय गुरुजी, कालचा मध्यम सापडला का?"

मला शिकवणारा माझाच एक जुना विद्यार्थी आहे. दिवसा तो डाय बनवतो आणि रात्री भजनात पेटी धरतो. आमच्या या किनाऱ्यावर डायचा धंदा पुष्कळ घरांतून चालतो. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची आणि तिच्यावर सोन्याचांदीचा पत्रा दाबून दागिना उठवायचा. भिंगाखाली तासन्‌तास चालणारे ते काम. त्या कामावरून उठून तो माझ्याकडे येतो, आणि मी सारेगम म्हणून जे काही वाजवतो ते निमूटपणे ऐकून घेतो.

पेटी दिसायला मोठी सोपी. व्हायोलिनमध्ये सुराची जागा शोधावी लागते. येथे पट्टी दाबली की सूर हजर. या आयतेपणाबद्दल तिला बोलही पुष्कळ लागले. तिचे सूर ठरलेले, तिच्यात मींड निघत नाही, म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले होते. परंतु सूर आयता मिळतो म्हणूनच चुकीचा दोष वाद्यावर ढकलण्याची सोय राहत नाही. जे चुकते ते आपले बोट.

आणि ते चुकतेच. उजव्या हाताने पट्ट्या, डाव्या हाताने भाता, इतकीच कामाची वाटणी. पण उजव्याची लगबग सुरू झाली की डावाही धापा टाकू लागतो. अंगठा इतर बोटांखालून पुढे कसा न्यायचा हे मी फळ्यावर आकृती काढून कोणालाही समजावून देऊ शकेन. माझा अंगठा मात्र जात नाही.

एकदा तीच जागा दहाव्यांदा चुकली तेव्हा मी वैतागून म्हणालो, "अरे, समजते मला! पण हात ऐकत नाही."

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "मलाही समजायचं तेव्हा, गुरुजी."

एवढेच. पण मला त्याची शुद्धलेखनाची वही आठवली. तिच्यातली अक्षरे ओळीवर कधी बसत नसत, आणि त्याबद्दल त्याच्या तळहातावर मी पट्टी मारीत असे. पट्टी हा शब्द किती निरनिराळ्या वस्तूंना पुरतो, हे मला त्या संध्याकाळी कळले.

मी त्याला शिक्षा केली ती कशाबद्दल? हयगयीबद्दल, असे मी तेव्हा सांगितले असते. न जमणे आणि न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकातून मला ठाऊक होते. पण बाहेरून पाहणाऱ्याला त्या हुबेहूब एक दिसतात. वही दोघांचीही सारखीच वाकडी असते. फरक फक्त आतून कळतो. आणि ज्याला आपला विषय लहानपणीच वश झाला, तो मनुष्य त्या आतल्या बाजूला पुन्हा कधी जातच नाही. त्याला वाटते, मला आले त्या अर्थी येणे सोपे आहे; दुसऱ्याला येत नाही त्या अर्थी त्याच्या मनात नाही. पुष्कळशी नीतिमान कठोरता या एका चुकीच्या अनुमानावर उभी असावी.

मग चूक म्हणजे काहीच नव्हे काय? हा प्रश्न मी त्यालाच विचारला. तो म्हणाला, "डायवर रेघ चुकली तर डाय बाद. तिथं दया करून चालत नाही." माझ्या चुकलेल्या सुरालाही तो 'चालेल' म्हणत नाही, थांबवतो आणि पुन्हा 'सा'वर आणतो. चूक ती चूकच. फक्त तो डाय बाद करतो, हात बाद करीत नाही. मी वर्षानुवर्षे या दोहोंत गल्लत केली.

गावात सध्या बंदराखेरीज दुसरा विषय नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांनी आता नवे धंदे शिकावेत, असे जाणती माणसे सहज म्हणून जातात. मीही एकदा म्हणालो होतो. आता पन्नाशीच्या खलाशाला हे सांगताना माझी जीभ अडखळते. तो शिकेलही, पण त्याला काय पडेल, याचा हिशेब सांगणाऱ्याने एकदा तरी स्वतःच्या बोटांनी करून पाहावा.

शेवटी एके दिवशी धीर करून मी माझ्या शिक्षकाला म्हणालो, "तुला मारले त्या दिवसाबद्दल मला वाईट वाटते."

तो जरा विचारात पडला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो खरोखरच आठवून पाहत होता.

"कुठल्या दिवसाबद्दल म्हणता, गुरुजी?"

मला उत्तर देता आले नाही. त्याने माझा डावा हात उचलून भात्यावर ठेवला, आणि आम्ही पुन्हा 'सा'पासून सुरुवात केली.