दोन छिद्रांमधली जमीन

दिवाळीच्या चकल्यांना भाजणी किती लागेल, हे आमच्या घरी आई नुसत्या नजरेने सांगते. अंदाज चुकलाच तर चार चकल्या कमी होतात, एवढेच. पण डोंगराच्या पोटात लोखंड किती आहे, हा अंदाज चुकला तर?

चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोखंडाचा अहवाल जमशेटजी टाटांनी १८८२ साली वाचला आणि पोलादाचे स्वप्न उराशी धरले. वीसएक वर्षांनी वेल्ड नावाचा अमेरिकन भूशास्त्रज्ञ त्या डोंगरात हिंडला. जमशेटजींचे पुत्र दोराबजी बरोबर होते. खनिज चांगले होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतके नव्हते. जोगता कोळसाही जवळ नव्हता. वेल्डने तसे स्पष्ट सांगितले. ज्याचे अन्न खायचे, त्याच्याच स्वप्नाला ‘नाही’ म्हणणे सोपे का असते?

पुढे नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींची नजर भूस्तरांच्या एका रंगीत नकाशावर गेली. दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण होती. प्रमथनाथ बोस यांनी ते साठे कितीतरी आधी नोंदवून ठेवले होते. दल्ली-राजहराचे ते डोंगर खरोखरच लोखंडाचे निघाले, पण कोळसा आणि पाणी दूर. याच बोसांनी १९०४ साली मयूरभंज संस्थानातील लोखंडाविषयी पत्र लिहिले होते. अखेर तेथल्या खनिजावर जमशेदपूरचा कारखाना उभा राहिला. दल्ली-राजहराही वाया गेले नाही. ते पुढे भिलाईच्या कामी आले.

मग लोखंड सापडले कोणाला? वेल्डच्या नकाराला, दोराबजींच्या नजरेला, की बोसांच्या नोंदीला? मला वाटते, एकट्याला कोणालाच नाही. जमिनीत छिद्रे पाडून नमुने काढतात. पण दोन छिद्रांच्या मधली जमीन कोणीच पाहिलेली नसते. तेथे विवेकाने ठरवावे लागते, आणि एकट्याचा विवेक तोकडा पडतो.

हे मला पुस्तकातून कळले, पण पटले ते स्वतःच्या चुकीतून. मी मराठीचा मास्तर. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या वडिलांना मी सांगून टाकले, ‘याच्यात शिक्षणाचे लक्षण दिसत नाही.’ आधार एवढाच, की माझ्या तासाला तो गप्प बसे आणि शुद्धलेखनात चुका करी. वेल्डचा नकार डोंगर पायाखाली घालून आलेला होता. माझा खुर्चीत बसून. वडिलांनी मुलाला मंडईतल्या गाळ्यावर बसवले. पुढे आमचे चित्रकलेचे मास्तर हळहळले, ‘अहो, काय हात होता त्याचा! मला एकदा विचारायचे होतेत!’ रोज आम्ही एकाच टेबलाशी चहा घेत होतो.

आता मंडईत गेलो की तो ‘या सर’ म्हणतो. वांगी नुसती हातावर तोलून वजन सांगतो. मग काट्यावर टाकून मला दाखवतो. ते तंतोतंत जुळते. मी खाली मान घालून पिशवी पुढे करतो.