दोन तंबोरे, एक डोकं

मिरजेला चाचांकडे तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला गेलं की काम होईपर्यंत तिथेच बसावं लागतं आणि बसलं की वाद होतो. चाचांना वाद चालतो, फक्त हात थांबवायला सांगायचं नाही. साताऱ्याहून कोयना एक्स्प्रेसमध्ये एक ख्याल ऐकत आलो होतो. ध्वनिमुद्रण अलीकडचं, स्टिरिओ. एक तंबोरा पार डावीकडे, दुसरा पार उजवीकडे.

चाचा : तोंड का वाकडं? गाणं बरं नव्हतं?

मी : गाणं उत्तम. पण हेडफोननं कान शिणतात. मग फोनवर क्रॉसफीड चालू करतो, तेव्हा कुठे बरं वाटतं.

चाचा : ते काय असतं?

मी : स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतो. जरा उशिरा, सेकंदाच्या साधारण चार हजाराव्या भागाइतका. आणि जरा बोदा होऊन, कारण मध्ये डोकं येतं. खर्ज डोक्याला वळसा घालून जातो, वरचे स्वर अडतात. हेडफोनमध्ये हा रस्ताच बंद. क्रॉसफीड तो उघडतं. साधारण ७०० हर्ट्झच्या खालचं थोडं इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. बेंजामिन बाउअर नावाच्या इंजिनिअरनं १९६१ सालीच ही युक्ती मांडली होती.

चाचा : म्हणजे रेकॉर्डिंगवाल्यानं वेगळं ठेवलेलं तुम्ही कालवता.

मी : कालवत कुठे? रेकॉर्डिंगवाल्यानं स्पीकर समोर ठेवून तोल साधलेला असतो. खोलीत हे थोडं मिसळणार, हे त्यानं धरलेलंच असतं. हेडफोन ती खोली काढून घेतो, मी थोडी परत ठेवतो.

(हे उत्तर मी कराडच्या आसपास तयार केलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.)

चाचा : त्यानं काय धरलं होतं, हे तुम्हाला कोण सांगून गेलं?

मी : बरं, तो राहू दे. पण एरवी असं कधी होतं का, की खर्जाची तार एका कानात घुमतेय आणि दुसऱ्या कानाला पत्ताच नाही?

चाचांनी मांडीवरचा तंबोरा उभा केला, दांडीला कान लावला आणि खर्ज छेडला.

चाचा : हे काय मग? जन्मभर असाच बसलोय. हा कान तारेला, तो कान रस्त्यावरच्या रिक्षांना. कधी शिणला नाही.

हा मुद्दा वाटला तेवढा साधा नव्हता. आवाज कानाला अगदी चिकटून असला तर खर्जातही दोन कानांत मोठा फरक पडतो, आणि तो अगदी खरा असतो.

मी : पण तुमचा एकच कान जवळ असतो. माझ्या दोन्ही कानांना एकेक तंबोरा चिकटलेला, तोही वेगवेगळा. शिवाय तुम्हाला मान बाजूला घेता येते. मी मान वळवली की दोन्ही तंबोरे माझ्याबरोबर वळतात.

चाचा : तुमचं ते क्रॉसफीड लावल्यावर जागेवर राहतात का?

मी : नाही.

चाचा : मग खोली कसली परत ठेवली? भिंतीतली एक वीट आणून ठेवलीत.

हे बोलताना त्यांचं बोट घोडीवर होतं. तारेखालचा दोरा केसभर पुढे सरकवायचा, छेडायचं, परत मागे. एका जागी येऊन तार एकदम उघडली. मी मान डोलावली, पण ते अजून खूश नव्हते. कानस उचलून घोडीच्या माथ्यावरून दोनदा हलकेच फिरवली, मग हात पुसून हेडफोन मागितला. आधी क्रॉसफीड बंद ठेवून ऐकलं.

चाचा : उजव्या तंबोऱ्याची पंचमाची तार कच्ची आहे. आता लावा तुमचं ते.

लावलं. बराच वेळ ऐकत राहिले.

चाचा : गोड लागतंय. कच्चं काय होतं ते सापडेना. झाकून गोड केलंत.

मी : झाकलं जाणं शक्य नाही. जवारीचा झंकार वरच्या स्वरांत असतो आणि क्रॉसफीड वरच्या स्वरांना जवळजवळ हात लावत नाही.

चाचा : मग मला का सापडलं नाही?

मी : कारण तुम्ही गाणं ऐकायला लागलात.

चाचा (हसून) : हे बरं जमलं. पण ऐकणाऱ्यानं दोष शोधत बसू नये, इथपर्यंत ठीक. दोष सापडूच नये अशी तजवीज करून ऐकायला बसावं का?

यावर आम्ही पुष्कळ वाद घातला. मी म्हणत होतो की मैफलीत दहाव्या रांगेतल्या माणसालाही कच्ची तार सापडत नाही, म्हणून त्याचं ऐकणं खोटं ठरत नाही. ते म्हणत होते, तो दहाव्या रांगेत बसलाय हे त्याला माहीत असतं. मग त्यांनी एकदम सांगली काढली.

चाचा : सांगलीचे देवल माहीत आहेत? कृष्णाजी बल्लाळ.

मी : डेप्युटी कलेक्टर. १९१० सालचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक.

चाचा : खाँसाहेबांचा, अब्दुल करीम खाँचा गळा समोर ठेवून श्रुती मोजल्या. पुढे क्लेमेंट्स जज्जसाहेब आले, श्रुतींची पेटी झाली, १९१६ ला बडोद्याच्या परिषदेपर्यंत गेली. सगळं गणितानं. आज ती पेटी कोण वाजवतं?

मी : कुणी नाही. आणि जिच्या श्रुती चुकीच्या, ती साधी पेटी प्रत्येक गवयाच्या शेजारी. लोकांनी सोय निवडली. हा तर माझ्या बाजूचा मुद्दा झाला, चाचा.

चाचा : तुमच्याच बाजूचा. म्हणून तर भीती वाटते.

मला उत्तर सुचलं नाही. मी फोनवर खाँसाहेबांची १९३०च्या दशकातली झिंझोटीची ठुमरी लावली. त्यांची कबर इथून जवळ, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात.

चाचा : इथं काय करतं तुमचं यंत्र?

मी : काही नाही. मोनो आहे. दोन्ही कानांत एकच, तिथं इकडचं तिकडे काय करणार?

चाचा : कान शिणतो?

मी : नाही.

चाचा : म्हणजे शिणवतो तो हेडफोन नव्हे. तंबोरे दोन कोपऱ्यांत नेऊन बसवले त्यानं शिणवलं. त्याला जाऊन सांगा.

मी : त्यानं ते स्पीकरसाठी बसवले.

चाचा : मग स्पीकर घ्या.

मी : कोयना एक्स्प्रेसमध्ये?

चाचा : ख्याल कोयना एक्स्प्रेसमध्ये कशाला ऐकता?

मी : घरी तेवढी सलग बैठक होते कुठे?

चाचा : मग कान नाही, बैठक दुरुस्त करायला हवी. आणि ती माझ्याकडे आणू नका. जवारीचे पैसे काढा.