नोंद घराची, नजर माणसावर

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एखाद्या घराचा नुसता पत्ता माहीत असला, तरी त्याचा मालक कोण, ते घर त्याच्या नावावर कधी झाले, कर्ज कोणत्या बँकेचे आहे, कर भरलेला आहे की थकलेला, हे पुण्यात बसूनही काही मिनिटांत कळू शकते. बऱ्याच राज्यांत घर कितीला घेतले तेही दिसते. ओळखपत्र दाखवावे लागत नाही आणि ‘कशाला हवे?’ असे कोणी विचारत नाही. न्यू जर्सीत किंवा बे एरियात स्थिरावलेल्या आपल्या माणसांना याची चांगली सवय आहे. कोणी घर घेतले की वास्तुशांतीचे आमंत्रण येण्याआधीच किमतीचा आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरून आलेला असतो.

ही सोय काउंटीची. तीन हजारांहून थोड्या अधिक काउंट्यांत हा देश वाटलेला आहे आणि जमिनीच्या नोंदी बहुतेक ठिकाणी काउंटीच ठेवते. काम दोन कार्यालयांत चालते. करनिर्धारकाचे कार्यालय प्रत्येक भूखंडाला क्रमांक देते, त्याचे मूल्य ठरवते आणि कर कोणी भरायचा ते नोंदवते. दुसरे कार्यालय दस्त नोंदवणाऱ्याचे. खरेदीखत, गहाणखत, कर्ज फिटल्याचा दाखला, कर्ज थकल्याची नोटीस, असा प्रत्येक कागद तिथे तारीख-वेळेच्या शिक्क्यासह दाखल होतो आणि देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या नावाने त्याची सूची तयार होते. आपल्याकडचा सातबारा आणि दुय्यम निबंधकाकडची ‘इंडेक्स टू’ ज्यांनी काढली आहे, त्यांना ही विभागणी समजावून सांगावी लागणार नाही. तिथेही नोंद म्हणजे मालकीची सरकारी हमी नव्हे. कागदांची साखळी मागे मागे तपासत जायचे आणि मगच व्यवहार करायचा.

ही वही उघडी का ठेवली, याचे कारण जुने आहे आणि सरळ आहे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने 1640 मध्ये जमिनीचे व्यवहार नोंदवण्याचा कायदा केला, तो एकच जमीन दोघांना विकणाऱ्यांना आळा घालण्यासाठी. घेणाऱ्याला आधीची नोंद पाहता आली तरच तो फसणार नाही. म्हणजे वही उघडी होती ती व्यवहार करणाऱ्याच्या रक्षणासाठी. शेजाऱ्याची ऐपत मोजणे हा तिचा हेतू कधीच नव्हता. तरीही कायद्याने पाहणाऱ्याला हेतू विचारला नाही, आणि ते योग्यच केले. हेतू विचारण्याचा अधिकार एकदा कारकुनाच्या हाती दिला की वही कोणासाठी उघडायची आणि कोणासाठी मिटायची, हे तोच ठरवू लागतो.

शतकानुशतके हे निभावले, कारण वहीपर्यंत पोहोचायला कष्ट पडत. काउंटीच्या गावी जायचे, जाडजूड बाडे उतरवून घ्यायची, सूचीत नाव शोधायचे, पान गाठायचे. ज्याला खरोखर गरज होती तोच एवढे करी. कायद्यात न लिहिलेला हा कष्टांचा पडदा सामान्य माणसाचे बरेच रक्षण करीत होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये एका वेगळ्याच, गुन्हेगारी नोंदींच्या प्रकरणात हा पडदा नेमका ओळखला. देशभरच्या न्यायालयांत आणि काउंटीच्या दप्तरांत विखुरलेले कागद, आणि तेच सगळे एका संगणकात गोळा करून ठेवलेला गोषवारा, या दोन गोष्टी एक नाहीत, असे न्यायालय म्हणाले. कागद तोच असतो. पण तो गोळा झाला की त्याचे सामर्थ्य बदलते.

आज तो पडदा जवळपास गेला आहे. काउंट्यांची माहिती कंपन्या घाऊक घेतात, तिला वय, फोन, नातेवाईक, जुने पत्ते जोडतात आणि विकतात. पूर्वी प्रश्न असे, ‘या जमिनीचा मालक कोण?’ आता प्रश्न असतो, ‘हा माणूस राहतो कुठे?’ पहिला प्रश्न मालमत्तेचा आहे, दुसरा माणसाचा. माझ्या मते सगळा नैतिक पेच या दोन प्रश्नांमध्ये आहे.

दुसऱ्या प्रश्नाची किंमत काय असू शकते, हे न्यू जर्सीने 19 जुलै 2020 रोजी पाहिले. संघीय न्यायाधीश एस्थर सालास यांच्या नॉर्थ ब्रन्सविक इथल्या घराच्या दारात एक माणूस पार्सल पोहोचवणाऱ्याच्या वेषात आला. त्याने त्यांच्या वीस वर्षांच्या एकुलत्या मुलाला, डॅनियलला गोळ्या घालून मारले आणि पतीला गंभीर जखमी केले. मारेकरी एक वकील होता. त्याचा एक दावा सालास यांच्यासमोर चालला होता. त्याने या कुटुंबाची माहिती पद्धतशीर गोळा केली होती. त्याच वर्षी न्यू जर्सीने ‘डॅनियलचा कायदा’ केला आणि 2022 च्या डिसेंबरात संघीय कायदाही झाला. न्यायाधीशांना आपल्या घराचा पत्ता सार्वजनिक ठिकाणांहून काढून घेण्याचा हक्क मिळाला. न्यू जर्सीत तो पोलीस आणि सरकारी वकील यांनाही आहे. हे आवश्यकच होते. पण मारकुट्या नवऱ्यापासून पळून, दुसऱ्या गावी जाऊन, पै पै साठवून छोटे घर घेणाऱ्या बाईचे काय? अनेक राज्यांत अशा स्त्रियांसाठी पर्यायी पत्त्याची योजना आहे, पण घराच्या खरेदीखतावर नाव घालायची वेळ आली की ती पुष्कळदा तोकडी पडते. ज्याच्या मागे पद आहे त्याला कायदा लवकर सापडतो.

इतके भीषण नसलेले, पण रोज घडणारे एक उदाहरण सांगतो. कर्जाचे हप्ते थकले की अनेक राज्यांत तशी नोटीस काउंटीत नोंदवली जाते. ती नोंद सार्वजनिक असते, म्हणून तिच्या याद्या तयार होतात आणि विकल्या जातात. मग नोकरी गेलेल्या त्या घरात पत्रे येऊ लागतात, फोन वाजू लागतात. ‘तुमचे घर रोखीने, ताबडतोब घेतो.’ मृत्यूनंतर वारसाची नोंद झाली की विधवेच्या दारातही तेच. यात बेकायदेशीर काही नाही. नोंद खरी आहे आणि पाहण्याचा हक्कही खरा आहे. तरीही दुसऱ्याच्या पडत्या काळाची यादी करून तिच्यावर धंदा उभा करणे हे मला गैर वाटते, आणि कायद्याने मुभा दिली आहे एवढ्याने ते बरे ठरत नाही.

मग वही मिटून टाकावी का? इथे मी ठामपणे ‘नाही’ म्हणतो, आणि त्याचे कारण त्याच वहीत आहे.

मिनियापोलिस शहर हेनेपिन काउंटीत येते. मिनेसोटा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2016 मध्ये तिथले जुने दस्त वाचायला घेतले. लाखो पाने होती. ती संगणकाने चाळली आणि संशयास्पद वाटलेली हजारो स्वयंसेवकांनी डोळ्यांनी वाचली. शोध कशाचा, तर खरेदीखतातल्या एका अटीचा. हे घर कृष्णवर्णीयाला, चिनी किंवा जपानी माणसाला, अमुक वंशाच्या कोणालाही कधी विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, अशी ती अट. त्या एका काउंटीत असे सुमारे आठ हजार दस्त निघाले. तळ्याकाठचे, बागांजवळचे, आज महाग असलेले भाग कोणासाठी राखले गेले, हे नकाशावर दिसू लागले. पश्चिम किनाऱ्यावर सिअ‍ॅटलसारख्या शहरांतल्या दस्तांत ‘आशियाई वंशाचे’ असा शब्द सापडतो. त्या शब्दात आपणही येतो. अशा अटी न्यायालये राबवू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने सेंट लुईसमधल्या शेली कुटुंबाच्या खटल्यात 1948 मध्ये सांगितले. त्या बेकायदा ठरल्या 1968 च्या गृहनिर्माण कायद्याने. कागदावर मात्र त्या आजही आहेत. दस्त पाहण्यासाठी कारण द्यावे लागले असते, तर हे वाचन झालेच नसते. ‘जुन्या अटी मोजायच्या आहेत’ हे कारण कोणत्या कारकुनाला पटले असते?

लॉस एंजेलिस काउंटीतल्या मॅनहॅटन बीचची गोष्ट याहून पुढे जाते. विला आणि चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याने 1912 मध्ये तिथे समुद्रकाठी जमीन घेतली आणि कृष्णवर्णीयांसाठी विश्रांतिगृह चालवले. गोऱ्या शेजाऱ्यांनी छळ मांडला. अखेर 1924 मध्ये शहराने बागेचे निमित्त करून जमीन संपादित केली. बाग पुढे अनेक दशके झालीच नाही. जमीन शहराकडून राज्याकडे आणि 1995 मध्ये काउंटीकडे गेली. 2022 मध्ये काउंटीने ती ब्रूस यांच्या वंशजांना परत केली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याकडून सुमारे दोन कोटी डॉलरना विकत घेतली. शंभर वर्षांपूर्वी कोणाकडून काय घेतले, हे कागदोपत्री शाबूत राहिले म्हणून परत करण्याची भाषा करता आली.

याच नोंदींत आपल्या उपखंडातल्या माणसांचेही एक पान आहे, आणि त्यावर त्यांची नावे नाहीत. नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परदेशी माणसाने शेतजमीन घ्यायची नाही, असा कायदा कॅलिफोर्नियाने 1913 मध्ये केला. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाला अपात्र ठरवले, आणि इंपीरियल व्हॅलीत शेती करणारे पंजाबी शेतकरी त्या कायद्याच्या कचाट्यात सापडले. त्यांनी जमिनी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या किंवा विश्वासातल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या आणि वकिलांच्या नावावर ठेवल्या. काउंटीच्या दप्तरात एक नाव आणि शेतात राबणारा दुसरा. हे असे बरीच वर्षे चालले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला तो 1952 मध्ये. नाव लपवणे त्यांना भाग पडले, कारण नाव दिसले तर जमीन जात होती. त्या खोट्या नोंदीत मला त्या माणसांचा दोष दिसत नाही.

आज नाव कोण लपवते ते पाहा. मॅनहॅटनमधली किंवा मायामीतली कित्येक आलिशान घरे व्यक्तीच्या नावावर नसतात, ती एखाद्या मर्यादित कंपनीच्या नावावर असतात. कंपनीमागे आणखी एक कंपनी. काउंटीचा दस्त उघडला की एक निरर्थक नाव आणि वकिलाचा पत्ता मिळतो. घाण्याला जुंपल्यासारखे हप्ते भरणारा शिक्षक मात्र नाव, पत्ता, कर्ज यांसह तिथे उघडा असतो. काळा पैसा घरांत मुरतो म्हणून अमेरिकी वित्त खात्याने 2016 पासून मॅनहॅटन आणि मायामी-डेडपासून सुरुवात करून रोखीने घर घेणाऱ्या कंपन्यांमागची माणसे कळवायला लावली. कंपन्यांनी खरे मालक सरकारला सांगावेत, असा कायदा 2021 मध्ये झाला. त्यातून देशी कंपन्यांना मार्च 2025 मध्ये सूट देऊन टाकली. बँकांनीही गेल्या शतकाच्या अखेरीस गहाणखतांच्या हस्तांतरासाठी आपली खासगी नोंदवही उभारली आणि काउंटीचे शुल्क वाचवले. 2008 नंतर घरे जप्त होऊ लागली तेव्हा आपले कर्ज नेमके कोणाकडे आहे, हे काउंटीच्या वहीतून अनेक कर्जदारांना कळेना. दुबळा उघडा आणि सबळ झाकलेला, अशी वही सार्वजनिक म्हणवते, पण ती निम्मीच सार्वजनिक आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. मालमत्तेची नोंद उघडी राहावी, कंपनीमागच्या माणसासकट राहावी. पण माणसाच्या नावावरून घर शोधण्याची वाट थोडी लांबची असावी. कॅलिफोर्नियातल्या अनेक काउंट्यांच्या संकेतस्थळांवर पत्ता टाकला की भूखंडाचे क्षेत्रफळ आणि करासाठी ठरवलेले मूल्य दिसते, मालकाचे नाव दिसत नाही. ते हवे असेल तर कार्यालयात जावे लागते. पत्रकार जाईल, वकील जाईल, भाडेकरूंची संघटना जाईल. रात्री बाराला चुलतभावाचे घर ‘सहज’ शोधणारा जाणार नाही. मला ही वाट न्यायाची वाटते, कारण ती कोणाचा हक्क काढून घेत नाही. आणि शोधणाऱ्याचीही काही जबाबदारी आहेच. ज्याच्या हाती आपल्यावर सत्ता आहे, म्हणजे घरमालक, बिल्डर, बँक, लोकप्रतिनिधी, त्याची नोंद पाहणे हे नागरिकाचे काम आहे. ज्याचे आपल्याशी काही देणेघेणे नाही, त्याची पाहताना थांबायला हवे.

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या वाचकांना एक विनंती आहे. दुसऱ्याच्या घराचा आकडा शोधण्याआधी स्वतःच्या घराची जुनी खरेदीखते काढून वाचा. त्यांत ती वंशाची अट निघाली, तर ती नाकारल्याचा दस्त काउंटीत नोंदवा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन आणि मिनेसोटा या राज्यांनी त्यासाठी कायद्याने सोय केली आहे. मूळ पान जपूनच ठेवले जाते, ते नष्ट होत नाही, आणि ते तसेच राहायला हवे. त्याच्या पुढे तुमचा नकारही नोंदलेला असू द्या.