मनाचं दुखणं कुठवर अंगावर काढायचं?
मनाचे श्लोक ऐकत मोठी झालेली आपण माणसं. मनाला स्वतःच समजवायची आपली सवय जुनी आहे. चांगलीच आहे ती. परीक्षेची धाकधूक, ऑफिसातली कुरबुर यांना सकाळचं फिरणं, जिवाभावाच्या मैत्रिणीशी गप्पा पुष्कळदा पुरतात. पण दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नाही, पहाटे तीनला टक्क जाग येते, आवडीची भाजीही बेचव लागते, तेव्हा ‘विचार बदल, होईल ठीक’ हा सल्ला म्हणजे निव्वळ छळ. नैराश्याचं निदान करताना डॉक्टरही साधारण दोन आठवड्यांचाच काळ धरतात. आणि जगणंच नकोसं वाटू लागलं, तर तेवढंही थांबायचं नाही. त्याच क्षणी बोलायचं. १४४१६ हा सरकारच्या ‘टेली मानस’चा नंबर. २०२२पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.

‘डॉक्टरकडे गेलं की गोळ्याच सुरू करतील’ ही भीती बऱ्याच जणांना असते. पण कित्येकांचं समुपदेशनावरच भागतं. आणि तिथंही घरचा अभ्यास असतोच बरं का! मनात आलेला विचार वहीत उतरवायचा, तो कितपत खरा ते तपासायचं आणि वही घेऊन पुढच्या भेटीला जायचं.